नववीतल्या मुलीची जट

निपाणी भागातल्या एका मराठी शाळेत मी शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली तरी नववीतली एक मुलगी वर्गात दिसेना. मैत्रिणींना विचारलं, तर "बाई, तिला जट आलीया" एवढं बोलून गप्प झाल्या. पुढचं आमच्याकडं कुणी बोलत नाही. जट, म्हणजे केसांचा न सुटणारा गुंता, आली की यल्लमा देवीनं बोलावलं असं मानतात, आणि बोलावलेल्या पोरीला पूर्वी सरळ देवीला सोडत, म्हणजे देवदासी करत. कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं तो गुन्हा ठरला. सोडणारे आईबाप किंवा नातेवाईक असतील तर शिक्षा जास्त. त्या संध्याकाळी हे सगळं मनात घोकतच मी तिच्या घरी गेले.

आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. हात न थांबवता "बसा बाई" म्हणाली. आजी उंबऱ्यात बसलेली. पोरीनं ओढणी बाजूला केली. मानेजवळ तीन बोटं रुंद गुंता, भंडाऱ्यानं पिवळा झालेला. विंचरणं थांबलं की गळालेले केस तिथंच अडकतात, त्यात तेल, धूळ आणि भंडारा बसत जातो, आणि केसांचा नमद्यासारखा गठ्ठा होतो. यात कोडं काहीच नाही. पण विंचरणं थांबलं कशानं?

बाप इचलकरंजीला मागावर कामाला होता, तिथंच त्यानं दुसरा संसार थाटला. पैसे यायचे बंद झाले. आई रात्री उशिरापर्यंत विड्या वळायला लागली आणि पोरगी दिवसदिवस पडून राहायला लागली. मग आजीला गुंता दिसला आणि तिनं गोष्ट उलटीकडून लावली: देवीचं काहीतरी राहिलं, म्हणून माझा लेक घर सोडून गेला. आजी कपटी नव्हती. लेक असा निघाला यापेक्षा देवी कोपली, हे तिला सोसवण्यासारखं होतं.

पोरीनं मला परसात नेलं. म्हणाली, "बाई, कापली आणि बाबा आलेच न्हाईत तर?"

मी कायदा सांगायला गेले होते, आणि तिची अडचण ही! 'देवीबिवी काही नसतं' हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. "उदं गं आई उदं" म्हणताना घरात सगळ्यांत मोठा आवाज तिचाच असतो. मी एवढंच विचारलं, "बाबा कधी गेले?"

"गणपतीत."

"आणि जट?"

"नवरात्रात दिसली आजीला." ती थांबली. "म्हंजे बाबा आधी गेले. मग जटंमुळं कसं?"

हे तिनं आत जाऊन आजीला जसंच्या तसं ऐकवलं. आजी भडकली. "चार बुकं शिकलीस म्हणून देवीआईला तपासतीस व्हय?" मीही मध्ये बोलणार होते, पण तोवर पोरीच्या आईनं सूप खाली ठेवलं. "आत्ती, मी कापते. काय व्हायचं ते मला हुईल." आणि पानं कातरायची कात्री घेऊन ती उठली. आजी रडत होती, पण पोरीचा हात तिनं सोडला नाही.

कापलेले केस वेदगंगेत सोडायचे, असं आजीचं म्हणणं पडलं. मी हो म्हटलं. शाळेतल्या एका सहकाऱ्याला ते पटलं नाही. बाई, तुम्ही अंधश्रद्धाच जपलीत, म्हणाले. त्या घरात बसून बोलले असते तर मी मनावर घेतलं असतं.

मुलगी आता शाळेत येते. मार्गशीर्षातल्या पुनवेला आजीबरोबर सौंदत्तीला, यल्लमाच्या डोंगराला जायचं म्हणते. तिची भक्ती आहे, मी कोण अडवणार? पण भोळेपणानं सोडूनही देणार नाही. आईनंही सोबत जायचं असं ठरवून घेतलंय, आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर पोरीच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलाय.