आमची वाटचाल : "आवाल कोण?"

2012 च्या जुलैत आम्ही नवराबायको पुण्याहून मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला आलो. नवऱ्याच्या कंपनीने 15 दिवस हॉटेल दिलं होतं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. रोज संध्याकाळी आम्ही गल्ल्यांमधून हिंडायचो. खिडकीत पुठ्ठा लावलेला दिसायचा, 'से रेन्ता', म्हणजे भाड्याने देणे आहे, आणि खाली फोन नंबर. पुण्यात शिकलेलं मोडकंतोडकं स्पॅनिश माझ्याकडे होतं, म्हणून फोन मी करायची. पलीकडचा माणूस भाडं सांगायचा, खोल्या सांगायचा आणि मग विचारायचा : आवाल कोण?

आवाल म्हणजे जामीनदार. पण नुसता ओळखीचा माणूस चालत नाही. त्याच शहरात त्याचं स्वतःचं, कर्ज नसलेलं घर हवं, आणि भाडेकरूने भाडं बुडवलं तर मी भरीन असं त्याने लिहून द्यायला हवं. परदेशात उतरून आठवडा झालेल्याने असा माणूस आणायचा कुठून? पुण्यात घरमालक आडनाव विचारतात, मासे खाता का विचारतात. इथे तसलं काही कोणी विचारलं नाही, पण या एका प्रश्नापाशी आम्ही रोज अडायचो.

बाराव्या दिवशी नवऱ्याच्या एका सहकाऱ्याची आई तयार झाली. घराचं खरेदीखत प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाई बसने आल्या. घरमालकाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिशवी ठेवली, चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, "तुझी आई कुठे असते?" मी सांगितलं, साताऱ्याला. "लांब आहे," म्हणाल्या आणि सही केली. आमची त्यांची ओळख तोवर अर्ध्या तासाची होती.

पुढे 2015 मध्ये बदली झाली आणि आम्ही केरेतारोला आलो. गाड्यांचे सुटे भाग, विमानांचे भाग, आयटी असं सगळं या शहरात वाढत होतं आणि पुण्याहून माणसं येत होती. कोणी तरी कोणाला माझा नंबर द्यायचं आणि मी घर बघायला सोबत जायची. पहिली सात-आठ घरं फुकट शोधून दिली. एकदा नवरा म्हणाला, "पेट्रोलचे तरी घे." परदेशी नोकरदाराच्या बायकोला इथे कामाची परवानगी वेगळी काढावी लागते, ती काढली, कर खात्यात नोंदणी केली, आणि 2016 मध्ये फर्म सुरू झाली. मी, एक लॅपटॉप आणि जुनी निस्सान. आज आम्ही चौघं आहोत, त्यातल्या दोघी इथल्याच.

पहिल्याच वर्षी दणका बसला. पुण्याहून यायच्या आधीच घर पक्कं करून ठेवा, असा एका कुटुंबाचा आग्रह होता. एका गृहस्थाने मला छान घर दाखवलं, चावी त्याच्याच हातात. डिपॉझिट आणि पहिलं भाडं मी भरलं. ते लोक सामानासकट दारात उभे राहिले तेव्हा आतून तिसरीच बाई बाहेर आली. घर तिचं होतं आणि त्या गृहस्थाने ते तिच्याकडून आठवड्यासाठी घेतलं होतं. पैसे आम्ही पदरचे भरले. तेव्हापासून मालकाचं ओळखपत्र, खरेदीखत आणि चालू वर्षाची घरपट्टीची पावती (इथे तिला प्रेदियाल म्हणतात) या तिन्हींवर एकच नाव दिसल्याशिवाय मी एक पेसोही हलवत नाही. मालक रागावतात. रागावू देत.

आवालवर इथे एक पर्याय आहे, 'पोलिसा हुरिदिका'. वकिलांची एक कंपनी भाडेकरूचा पगार आणि कागदपत्रं तपासते, करार करते आणि भाडं थकलं तर मालकाच्या वतीने लढते. खर्च साधारण महिन्याच्या भाड्याच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत येतो आणि बहुतेक वेळा तो भाडेकरूच्याच माथी पडतो. सुरुवातीला या कंपन्या आमची माणसं नाकारायच्या. रहिवासी कार्ड नाही, इथला कर्जाचा इतिहास नाही. व्हिसावर आलेल्याने 30 दिवसांत कार्डासाठी अर्ज करायचा असतो, पण त्या फॉर्मवर पत्ता लागतो, आणि पत्ता द्यायला घर हवं. मग अर्जावर हॉटेलचा पत्ता घालायचा, नोकरीचं पत्र आणि नेमणुकीचा करार स्पॅनिशमध्ये करून द्यायचा आणि वकिलाच्या टेबलासमोर बसून राहायचं. आमचं निम्मं काम म्हणजे हे बसून राहणं.

नावांचा घोळ तर विचारू नका. इथे प्रत्येकाला दोन आडनावं, आधी वडिलांचं, मग आईचं. आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव. क्लार्क ते दुसरं नाव समजतो आणि विचारतो, आईचं आडनाव? नाही म्हटलं की माझ्याकडे अशा नजरेने बघतो, जणू या माणसाला आईच नाही. सरकारी ओळख क्रमांकात, ज्याला इथे कुर्प म्हणतात, त्या जागी एक्स येतो. आमच्या ऑफिसात त्याला 'आईचा एक्स' असंच म्हणतात.

घर बघायला गेलं की मी आधी गच्चीवर जाते. तिथे पाण्याची टाकी असते आणि शेजारी गॅसची मोठी कायमची टाकी. गॅसच्या टाकीवरच्या काट्याचा फोटो काढून ठेवायचा, कारण सोडताना तो तितकाच दाखवावा लागतो. मग खाली येऊन सगळे नळ एकदम सोडायचे. केरेतारोत पाण्याची ओढ आहे, म्हणून जमिनीखाली साठवणीची टाकी आहे का, हेही विचारायचं. विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं, मागचं बिल मागून घ्यायचं. 'अमुएब्लादो', म्हणजे फर्निचरसकट, नसलेल्या घरात शेगडी तर नसतेच, कधी कधी दिव्याचे बल्बसुद्धा काढून नेलेले असतात. मागच्या अंगणात मात्र धुण्याचा सिमेंटचा कट्टा हमखास असतो, खाचांच्या फळीसकट, आणि तो बघून आपल्याकडून आलेल्या सासवांचे चेहरे खुलतात. त्यांनी आणलेला मिक्सर मात्र चालत नाही. इथे वीज 127 व्होल्टची, मिक्सर 230 चा. दर वर्षी सांगतो, दर वर्षी कोणी तरी आणतं.

पुणेकरांना करारही खुपतो. अकरा महिन्यांचा करार आणि महिन्याची नोटीस ही त्यांची सवय. इथे करार वर्षाचा आणि मधे सोडलं तर दंड. डिपॉझिट मात्र बहुधा एकाच महिन्याचं, ते ऐकून जरा बरं वाटतं. आमची फी आम्ही भाडेकरूकडून किंवा त्याच्या कंपनीकडून घेतो, मालकाकडून कधीच नाही. मालक कमिशन द्यायला तयार असतात, पण ज्याचे पैसे घेतले त्याच्यासमोर "नळाला पाणी नाही" म्हणताना जीभ अडखळते.

मेक्सिको सिटीचीही कामं घेत होतो. 19 सप्टेंबर 2017 ला, 1985 च्या मोठ्या भूकंपाच्या बरोबर 32 वर्षांनी, सकाळी अकराला शहरभर सराव झाला आणि दुपारी सव्वा वाजायच्या सुमाराला खराच भूकंप आला, 7.1 चा. आमचं एक कुटुंब कोन्देसा भागात पाचव्या मजल्यावर होतं. दोन तास फोन लागत नव्हता. माणसं सुखरूप होती, पण जिन्याच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग. तो सगळा भाग जुन्या तळ्याच्या मऊ मातीवर उभा आहे हे मला माहीत होतं, तरी झाडं आणि कॅफे बघून मीच ते घर सुचवलं होतं. आता तिथल्या जुन्या इमारतीसाठी इंजिनिअरचा दाखला मागते. नसेल तर काम सोडते.

2020 मध्ये सहा महिने एकही घर दिलं नाही. होते ते भाडेकरू परत गेले, त्यांची डिपॉझिटं सोडवण्यात दिवस गेले.

2021 मध्ये आम्ही इथे छोटं घर घेतलं. केरेतारो किनाऱ्यापासून आणि सरहद्दीपासून दूर, त्यामुळे परदेशी माणसाला बँकेच्या ट्रस्टशिवाय स्वतःच्या नावावर घेता येतं. कर्ज काढलं नाही, पुण्याचा फ्लॅट विकला. खरेदीखत हातात पडलं त्याच महिन्यात गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले, "ताई, तुम्हीच राहा ना आवाल." फर्मचा नियम केला, कोणासाठीही नाही. माणूस कितीही चांगला असो, आपलं घर दुसऱ्याच्या भाड्याला बांधायचं नाही. चार वर्षं तो पाळला.

गेल्या मार्चमध्ये ग्वादालाहाराहून फोन आला. त्या बाईंचा. आता त्या 81 वर्षांच्या आहेत. नातवाला केरेतारोत नोकरी लागली होती, घर मिळालं होतं, आणि मालकाला आवाल हवा होता, याच शहरातला. पोलिसा काढून देते, खर्च मी करते, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"तुझी आई कशी आहे?" त्यांनी विचारलं.

शनिवारी मी खरेदीखत, घरपट्टीची पावती आणि ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेले. मालकाने आवालची माहिती लिहायला घेतली. नाव, वडिलांकडचं आडनाव. मग पेन थांबलं. "आईचं आडनाव?"

"एक्स लिहा," मी म्हटलं.