एक दिवा जास्त

१ जुलै २००३, पेन्शनचा दिवस. सकाळी दहालाच आमच्या बँकेच्या देवगड तालुक्यातल्या एका शाखेची, रत्नागिरीशी जोडणारी डेटा लाइन गेली. मी रत्नागिरीला. माझ्या राउटरवर (लाइनवरून डेटा पाठवणाऱ्या यंत्रावर) ती लाइन डाउन दिसत होती, पण शाखेतून आयएसडीएनचा, म्हणजे लाइन गेल्यावर वापरायच्या राखीव डिजिटल फोन लाइनचा, कॉल काही येईना. कॉल लावायचं काम शाखेकडेच ठेवलं होतं. दोन्हीकडून लावला तर दोघांनाही एंगेज लागतो, हे आधी एकदा भोगून झालं होतं.

शाखेत फोन केला. शिपाईकाका म्हणाले, "साहेबांनू, दिवे सगळे पेटतत. आज एक दिवो जास्तच पेटलो हा."

मी ते कानाआड केलं. म्हटलं, दिवे पेटतायत म्हणजे वीज आहे. इकडून आयएसडीएनवर डायल करून आत शिरायचं म्हटलं तर तीही सोय नव्हती. राउटरवर 'बॅकअप इंटरफेस' ही आज्ञा लावली की मुख्य लाइन पडेपर्यंत आयएसडीएनचा पोर्ट स्टँडबायमध्ये, म्हणजे राखीव बसून राहतो आणि तोवर बाहेरचा कॉलसुद्धा घेत नाही. गप लॅपटॉप उचलला नि यष्टी पकडली.

पोचलो तेव्हा बाकांवर म्हातारी माणसं छत्र्या टेकून बसलेली. लॅपटॉपवरून राउटर बघायची कन्सोल केबल लावली. सिरियल (मुख्य लाइनचा पोर्ट) अप, लाइन प्रोटोकॉल (त्यावरचा संवाद) अप. बॅकअप मुकाट स्टँडबायमध्ये. राउटरच्या मते सगळं आलबेल! आयएसडीएनचं कॉन्फिगरेशन दोनदा वाचलं: डायलरचा नंबर बरोबर, ओळख पटवायचा चॅपचा पासवर्ड बरोबर. मग त्या 'लाइन प्रोटोकॉल अप'च्या ओळीच्या शेवटी कंसातला शब्द दिसला: 'लूप्ड'.

म्हणजे राउटर आपलेच कीपअलाइव्ह (लाइन जिवंत आहे का बघायला पाठवलेले संदेश) परत ऐकत होता. डोंगरात हाक मारावी, आपलाच आवाज परत यावा आणि पलीकडे माणूस आहे असं वाटावं, तसं. लाइन त्याच्या लेखी जिवंत, मग बॅकअप उठवायचा कशाला?

मोडेमकडे पाहिलं. 'टेस्ट'चा लाल दिवा लागलेला, लोकल लूपचं, म्हणजे तपासणीसाठी राउटरचे संदेश त्याच्याकडेच परत फिरवायचं बटण आत दबलेलं. पावसाळ्यात मोडेमवर बुरशी धरते, म्हणून काकांनी सकाळी फडकं मारलं होतं.

बटण लगेच नाही सोडलं. आधी सिरियलवर 'डाउन-व्हेन-लूप्ड' (लूप दिसला की लाइन डाउन धर) ही एकच ओळ टाकली. प्रोटोकॉल डाउन झाला, बॅकअपसाठी दिलेले दहा सेकंद गेले आणि आयएसडीएनने रत्नागिरी लावली. ६४ केबीपीएसवर पेन्शन सुरू झाली. बटण त्यानंतर सोडलं.

पुढे ती ओळ सगळ्या शाखांत टाकली. तिची एक खोड आहे: लाइन तपासायला मुद्दाम लूप लावला तर इंटरफेसच डाउन होतो आणि पिंग (तपासणीचा संदेश) जात नाही. तेवढ्यापुरती ती काढावी लागते, आणि मी ती हमखास विसरतो.

निघताना काका दारात उभे. "मगे आता ह्येका फडको मारू काय नको?"

"मारा की. पण वरसून मारा, पुढसून नको."