चिंगीचा जबडा

"अहो डॉक्टर, हिचे दुधाचे दात अजून पडतायत. हा एक हलतोय, तेवढा काढून टाका ना."

जुलैतली ओली संध्याकाळ होती. कोपरीच्या आजी आणि त्यांची कॉलेजात जाणारी नात रिक्षानं नौपाड्याला माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. टॉवेलात गुंडाळलेली चिंगी, नऊ महिन्यांची ल्हासा आप्सो. एरवी टेबलावर ठेवली की हात चाटून काढणारी पोर त्या दिवशी नुसती बसून राहिली.

कुत्र्यांचे दुधाचे दात सहा-सात महिन्यांपर्यंत पडून जातात. नवव्या महिन्यात हलतो तो कायमचा दात. तो बघायला म्हणून मी खालचा जबडा दोन बोटांत धरला आणि अंगठा किंचित दाबला. जबडा वाकला. ओला पुठ्ठा दाबल्यावर वाकतो तसा. मी हात काढून घेतला. दात उपटायचा चिमटा ट्रेमध्ये तयार होता. मी जरा जोर लावला असता तर दाताबरोबर जबड्याचं हाडही मोडलं असतं.

मग चेहरा नीट पाहिला. नाकाच्या दोन्ही बाजू फुगलेल्या होत्या. तोंड पूर्ण मिटत नव्हतं, जिभेचं टोक बाहेर राहिलं होतं. आजी म्हणाल्या, "गालावर बाळसं धरलंय, नाही?" माझ्याच्यानं लगेच उत्तर देववलं नाही.

परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात आम्ही याला 'रबर जॉ' म्हणून शिकलो होतो. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हाताला मात्र पहिल्यांदा लागला.

एक्स-रे काढला. निरोगी जबड्यात दाताच्या मुळाभोवती हाडाची बारीक पांढरी रेघ दिसते. चिंगीच्या फिल्मवर ती रेघ कुठेच नव्हती. हाड धुरकट, आणि त्यात दात हवेत टांगल्यासारखे. रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला: क्रिएटिनिन (किडनीनं रक्तातून गाळून टाकायचा कचरा) 6.4, फॉस्फरस 11.8, दोन्ही फार चढलेले. कुत्र्यात क्रिएटिनिन 5 च्या वर गेलं की किडनीच्या आजाराची शेवटची, चौथी पायरी धरतात. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान आणि खडबडीत दिसल्या. ल्हासा आप्सो आणि शिह त्झू या जातींमध्ये काही पिल्लं जन्मतःच अर्धवट घडलेल्या किडन्या घेऊन येतात. वय आणि सोनोग्राफी पाहता चिंगी त्यांतलीच असावी.

"किडनीचा आणि दाताचा काय संबंध?" नातीनं विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. मी कागद ओढून तिला काढून दाखवलं.

किडनी रक्तातला जादा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकते. शिवाय ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देते. त्या रूपाशिवाय आतड्यातून कॅल्शियम धड शोषलं जात नाही. किडनी थकली की फॉस्फरस साठतो आणि रक्तातलं कॅल्शियम खाली यायला लागतं. पण हृदय, स्नायू, नसा यांना कॅल्शियम क्षणोक्षणी लागतं. मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जोरानं हार्मोन सोडतात आणि ते हाडांतून कॅल्शियम ओढून आणतं. घरखर्चाला रोज ठेव मोडावी, तसं. त्यात हाडातून कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही सुटतो, तो किडनीला बाहेर टाकता येत नाही, आणि ग्रंथी आणखी चेव धरतात. कुत्र्यात हे सगळ्यात आधी डोक्याच्या आणि जबड्याच्या हाडांवर दिसतं, वाढत्या पिल्लात तर फारच. झिजलेल्या हाडाच्या जागी तंतुमय मऊ पेशी भरतात आणि चेहरा फुगतो. आजींना बाळसं वाटलं ते हे.

आजींनी पिशवीतून एक बाटली काढली. "हाडं नाजूक वाटली म्हणून मी रोज दोन चमचे देतेय. आणि पाया उकळून, मऊ झालेली हाडं कुस्करून भातात." लेबलवर कॅल्शियम, फॉस्फरस, ड3 असं छापलेलं होतं. जो फॉस्फरस शरीराबाहेर जात नव्हता, तोच त्या बिचाऱ्या प्रेमानं भरवत होत्या. मी बाटली माझ्याकडे ठेवून घेतली आणि म्हणाले, "आजी, तुमची काही चूक नाही. कुणीही हेच केलं असतं."

चूक असलीच तर माझी होती. मे महिन्यात जंताच्या गोळीसाठी त्या आल्या होत्या, तेव्हा नात म्हणाली होती, "ही पाणी फार पिते हो." मी म्हणाले, उन्हाळा आहे. कुत्र्यानं दिवसाला दर किलो वजनामागे 100 मिलीपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर तपासायलाच हवं. चिंगी साडेचार किलोची होती आणि आता मोजलं तर लिटरभर पीत होती. तेव्हा एक लघवीची तपासणी केली असती तर किडनी बरी झाली नसती, पण फॉस्फरस दोन महिने आधी आवरला असता. ते दोन महिने मी घालवले, ही बोच अजून आहे.

सलाइन लावलं. जेवणाबरोबर फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध सुरू केलं. दूध, पाया, हाडं बंद. अंड्याचा पांढरा भाग घालून मऊ भात. ड जीवनसत्त्वाचं औषध लगेच दिलं नाही, कारण फॉस्फरस चढलेला असताना ते दिलं तर कॅल्शियम हाडात बसायच्या ऐवजी किडनीत आणि रक्तवाहिन्यांत साचतं. तो हलणारा दात तसाच राहू दिला.

तीन आठवड्यांत फॉस्फरस 6.9 वर आला. जबडा घट्ट झाला नाही, पण चिंगी बोटानं भरवलेला भात पुन्हा खायला लागली. नात रोजचं पाणी मोजून वहीत लिहायची आणि दर शनिवारी ती वही माझ्यासमोर ठेवायची. गणपतीनंतर चिंगी गेली, आजींच्या मांडीवर.

वही नातीनं माझ्याकडेच दिली. आता पिल्लाच्या लसीच्या कार्डावर वजनाच्या रकान्याशेजारी मी पेननं आणखी एक रकाना आखते: पाणी, दिवसाला किती.