केळीच्या खोक्याचा लिप: आमची वाटचाल

आमच्याकडे लिप, म्हणजे बंपरच्या खालच्या कडेला लावायची पट्टी, बसवायला आलेली गाडी पहिल्या दिवशी पुठ्ठा लावून घरी जाते. केळीच्या एक्स्पोर्टच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, लिपच्या मापात कापलेला, बंपरखाली मास्किंग टेपने चिकटवलेला. गाडी पन्नास-साठ लाखांची आणि नाकाखाली केळीचं खोकं. गिऱ्हाईक आधी हसतं, मग थोडं चिडतं. चार दिवस रोजच्या रस्त्याने चालवा आणि परत या, एवढंच आम्ही सांगतो. ही पद्धत कुठून आली ते सांगायचं तर आबांपासून सुरुवात करावी लागेल.

गॅरेज आबांचं. काम पत्र्याचं: ट्रकची केबिन, ट्रॅक्टरचं बोनेट, नंतर जीपगाड्या. जळगाव-भुसावळ रस्त्याला तेव्हा सगळे 'सहा नंबर' म्हणायचे, आता तो ५३ आहे. त्या रस्त्यावर रोज काही ना काही ठोकलं जायचं, त्यामुळे काम शोधावं लागलं नाही. मी हाताशी आलो तेव्हा त्यात भर घातली ती बोलेरो-स्कॉर्पिओच्या लोखंडी गार्डची. पाइप वाकवायचा, वेल्डिंग मारायचं, पावडर कोटिंग करून आणायचं. लग्नसराईत तर पुरवठा कमी पडायचा.

२०१७च्या डिसेंबरात केंद्र सरकारने राज्यांना असल्या गार्डवर कारवाई करायला सांगितलं आणि आमचा तो धंदा बसला. तेव्हा राग आला होता, आता नाही. गार्ड थेट चेसिसला बोल्ट केलेला. जो धक्का बंपरमागच्या फोममध्ये आणि क्रॅश बीममध्ये, म्हणजे आतल्या आडव्या दांड्यात, जिरायला हवा, तो सरळ चेसिसमध्ये शिरतो, आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकू शकतो. समोर आलेल्या पायी माणसाचं तर विचारूच नका. पुढून ठोकलेल्या गाड्या इतकी वर्षं आम्हीच उघडत होतो, आम्हाला हे आधी दिसायला हवं होतं.

बंपरकडे वळलो ते त्यानंतर. आणि पहिल्याच मोठ्या कामात तोंडावर आपटलो.

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या मुलाने मुंबईहून सेकंडहँड मस्टँग आणली. फोर्डने ही गाडी भारतात २०१६ मध्ये आणली. याची पाच लिटरच्या व्ही-एट इंजिनची. पोरगं गॅरेजकडे निघालं की अजिंठा चौफुलीपासूनच कळायचं. त्याला गाडी पुढून 'रागीट' हवी होती: मोठी जाळी, धारदार कडा, खाली लिप. फायबरचा बंपर बाहेरून मागवला. आला तो दिसायला इतका देखणा की मी थेट रंगाला घेतला. सर्फेसर, बेस, क्लिअर, बफिंग, सगळं झालं. चढवायला गेलो तर डावं टोक फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, आठ मिलिमीटर पुढे, उजवीकडे बोनेटखाली बोट शिरेल एवढी फट, आणि हेडलाइटखालची कड तर बसेचना. रंगवलेल्या बंपरवर मी ग्राइंडर धरला तेव्हा आबा समोर खुर्ची टाकून बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. मी ओढूनताणून स्क्रू कसले. तिसऱ्या दिवशी स्क्रूच्या भोकापासून तडा गेला. फायबर वाकत नाही, पापडासारखं तडकतं. बंपर, रंग, मजुरी, सगळं आमच्या खिशातून गेलं.

तेव्हापासून कोरा, न रंगवलेला बंपर निदान दोनदा चढतो-उतरतो, मगच रंगाच्या बूथमध्ये जातो. दोन्ही फेंडरच्या कडा आधी, मग हेडलाइट, मग बोनेट, तळ सगळ्यात शेवटी. फायबर असेल तर कडांना लांबी (पुटी) भरणं आणि घासकाम धरूनच चालायचं. त्याचे दोन दिवस भावात आधीच सांगतो. दोन दिवस वाचवणारा दुसरीकडे जातो, जाऊ दे.

दुसरी गोष्ट शिकवली ती आमच्याकडे आलेल्या एका कारागिराने. तो आधी एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात होता. जळगावच्या चटया पॉलिप्रॉपिलीनच्या, आणि कंपनीचे बहुतेक बंपरही त्याच घराण्यातले. त्याने पहिल्याच आठवड्यात बंपरच्या आतून एक कीस काढला आणि पाण्याच्या डब्यात टाकला. तरंगला. 'पीपी आहे, वेल्डिंग होईल,' म्हणाला. फायबर बुडतं, एबीएस प्लास्टिकही बुडतं. टाल्कची पूड जास्त भरलेला पीपीही बुडतो, म्हणून आम्ही बंपरच्या आतला प्लास्टिकच्या जातीचा शिक्का आधी बघतो, डबा नंतर. पण हॉट एअर गनने, त्याच जातीची कांडी वापरून तुटलेला कान जोडायचं काम आज तोच सगळ्यांना शिकवतो. पीपीला प्लास्टिकचं प्रायमर न मारता रंग दिला तर प्रेशरच्या पाण्याने पापुद्रा निघतो, हेही आम्हाला त्याच्याकडूनच कळलं.

आता उन्हाचं. जळगावच्या मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको, ४५ अंश आम्हाला बातमी वाटत नाही. काळ्या रंगाचा बंपर त्या उन्हात हात लावू देत नाही. पावणेदोन मीटरचं प्लास्टिक तापलं की काही मिलिमीटर लांबतं, आणि पत्रा तेवढा लांबत नाही. सकाळी आठला मापात बसवलेला बंपर दुपारी दोनला चाकाजवळ फुगलेला दिसला, तेव्हा पोरांनी एकमेकांवर खापर फोडलं. चूक होती ती मी प्रत्येक स्क्रू गच्च कसायला सांगितल्याची. आता मधला स्क्रू पक्का, बाजूच्या ब्रॅकेटची भोकं लांबट, म्हणजे त्याला सरकायला जागा राहते. शेवटचा गॅप दुपारच्या उन्हातच बघतो.

मोठी जाळी म्हणजे जास्त हवा, असं गिऱ्हाइकाला वाटतं. हवा तेवढी भोळी नसते. जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये फट राहिली तर ती रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. एका गाडीचा एसी सिग्नलला उभं राहिलं की दमायचा. मालक म्हणे गॅस कमी झालाय. आम्ही कडेने फोमची पट्टी आणि काळ्या शीटचा बोगदा करून दिला आणि तक्रार मिटली. काही बंपरवरच्या जाळ्या तर नुसत्या देखाव्याच्या, मागे बंद. ते मात्र विकतानाच सांगतो.

आणि लिप. त्याचं खरं काम गाडीखाली शिरणारी हवा कमी करणं, म्हणजे वेगात पुढची बाजू उचलली जात नाही. पण चौफुलीपासून घरापर्यंत कुणाला तो वेग मिळतो? इथे लिपची गाठ पडते गतिरोधकाशी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे गाडी त्यावर हळूच चढते-उतरते. आमच्याकडे गावोगावी जे आहेत ते एका रात्रीत टाकलेले, रुंदीला अर्धा मीटर आणि उंचीला देवाची मर्जी. पहिला लिप लावलेली मस्टँग आबांनी तशाच एकावर अडकलेली पाहिली आणि म्हणाले, "हाई गाडी शे का नांगर?"

पुठ्ठा त्यातून आला. चार दिवसांनी तो कुठे फाटला, कुठे दुमडला, ते बघून लिपची उंची ठरते. बहुतेक वेळा गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, भाऊ, दोन बोटं कमी करा. फाटका पुठ्ठा दाखवला की वाद उरत नाही. लिप बसवतो तोही असा की धक्का जोरात बसला तर त्याचे छोटे स्क्रू आधी सुटावेत आणि वरचा बंपर वाचावा. सोबतीला दुतर्फी टेप असते. तिची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, तोवर गाडी धुवायची नाही. हे सांगूनही दुसऱ्याच दिवशी वॉशिंगला नेणारे महाभाग आहेत.

क्रॅश बीम कापून बंपर बसवून द्या, असं म्हणणारे येतात. फोम काढा म्हणणारे त्याहून जास्त. दोन्ही आम्ही करत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल काय म्हणतं ते बिल करायच्या आधी समजावतो, आणि विमा कंपनीला कळवायला लावतो. यामुळे काही काम हातचं जातं.

सध्या बूथबाहेर पाचोऱ्याची एक गाडी उभी आहे. मालकाला आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी हवी आहे, सासुरवाडीला न्यायची. बंपर अजून कोरा आहे आणि उजव्या फेंडरला गॅप दोन मिलिमीटर जास्त. दुपारी परत उतरवणार आहोत. आबा खुर्ची घेऊन आलेच आहेत.