ऑडिट संपल्यानंतरचे तीन तास

स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या कारखान्यातलं पहिल्या दिवसाचं ऑडिट साडेचारला आटोपलं तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. जून महिना होता, म्हणजे सूर्य मावळायला साडेनऊ वाजणार. हॉटेलात बॅग टाकली, बूट बदलले आणि नदीवर गेले.

ऱ्हाईन तिथे शहराच्या मधून वाहते आणि पाण्याला चांगलीच ओढ आहे. पूल आहेतच, पण त्यांच्यामधे चार ठिकाणी लाकडी होड्या लोकांना पैलतीरी नेतात. होडीला ना इंजिन, ना वल्हं, ना शीड. नदीवर आडवी तार ताणलेली, तारेवर फिरणारी कप्पी, कप्पीपासून होडीपर्यंत दोर. नावाडी दोराचा दांडा एका बाजूला फिरवतो, सुकाणू वळवतो, होडी प्रवाहाला तिरकी होते आणि पाणीच तिला पलीकडे ढकलत नेतं. परत येताना दांडा दुसऱ्या बाजूला. १८५४ साली पहिली होडी सुरू झाली, तेव्हापासून हे असंच चालू आहे. मी दिवसभर यंत्रांच्या नोंदी तपासून आले होते, आणि इथे मोटार नसलेली एक यंत्रणा माझ्या डोळ्यांसमोर काम करत होती. फळ्यांखाली पाण्याचा खळखळाट आणि तारेवर कप्पीची घरघर, एवढेच आवाज. पलीकडे उतरले आणि लगेच पुढच्या फेरीला परत बसले. दुसऱ्या वेळी फक्त नावाड्याचे हात बघत होते.

होडीतून खाली बघितलं तर माणसं पोहत चाललेली. ऑफिस सुटल्यावर बाझलचे लोक कपडे, बूट, फोन माशाच्या आकाराच्या जलरोधक पिशवीत भरतात, तिचं तोंड घट्ट गुंडाळतात आणि ती पिशवी धरून प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात. मला एवढ्या ओढीच्या पाण्यात उतरण्याइतकं पोहता येत नाही. पण काठावर बसून मी तासभर ती डोकी आणि रंगीत पिशव्या मोजत राहिले.

पॅकेजिंगचा माल पुरवणाऱ्या कारखान्यांचं ऑडिट करणं हे माझं काम. सुरुवातीची चार-पाच वर्षं परदेशात गेले की संध्याकाळी खोलीतच बसायची. अहवाल लिहायचा, घरी फोन करायचा, झोपायचं. शहर बघायचं तर पूर्ण दिवस हवा, आणि दिवस कधीच मिळत नाही, असं मनाने धरलं होतं. एक-दोनदा धावतपळत प्रसिद्ध ठिकाणं गाठलीही. रांगेत तास गेला, आत गेले तर बंद व्हायची वेळ झालेली. दमून परत आले आणि हाती काहीच लागलं नाही.

हे बदललं जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला. तिथे पॅकेजिंग यंत्रांचं मोठं प्रदर्शन तीन वर्षांतून एकदा भरतं. सहाला दालनं बंद झाली. स्टॉलवरच्या एका वयस्कर तंत्रज्ञाने सांगितलं, शेजारच्या वुपरटालला जा, तिथली रेल्वे रुळांना खालून लटकते. लोकल पकडून वुपरटालमधल्या फोविंकेलला उतरले, पाच मिनिटं चालले आणि त्या गाडीत शिरले. गाडी १९०१ पासून धावते आहे. मार्ग १३ किलोमीटरच्या थोडा वर, स्थानकं २०. सुरुवातीला ती रस्त्यावरून जाते, घरांच्या खिडक्यांना लागून. मग नदी येते आणि पुढचा सगळा प्रवास वुपर नदीच्या पात्रावरून. वळणावर डबा बाहेरच्या अंगाला झुलतो. पोटात गोळा येतो, पण शेजारची शाळकरी मुलगी शांतपणे वही उघडून बसलेली असते. १९५० साली एका सर्कसने जाहिरातीसाठी टुफी नावाचं हत्तीचं पिल्लू या गाडीत चढवलं होतं. ते बिथरलं, डब्याची बाजू फोडून थेट नदीत पडलं आणि किरकोळ जखमांवर निभावलं. ही गोष्ट मला त्या मुलीनेच सांगितली, मोडक्या इंग्रजीत आणि हातवारे करून.

शेवटच्या ओबरबार्मन स्थानकाशेजारीच मुख्य रेल्वेचं स्थानक आहे, त्यामुळे आल्या वाटेने परतावंही लागलं नाही. साडेनऊला मी ड्युसेलडॉर्फच्या खोलीत होते आणि अहवाल लिहायला कधी नव्हे एवढी हुशारी वाटत होती.

तेव्हापासून मी प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या बघणं सोडलं. नव्या शहराला जायचं ठरलं की एवढंच शोधते: इथली माणसं रोज कशातून ये-जा करतात, आणि त्यात दुसरीकडे कुठे न सापडणारं काय आहे? अशी वाहनं बहुधा उशिरापर्यंत चालतात, तिथे आधी नोंदणी लागत नाही, आणि चुकून भलतीकडे उतरलं तरी पुढची फेरी असतेच. हाँगकाँगमध्ये डोंगरउतारावरच्या वस्तीसाठी सरकत्या जिन्यांची ८०० मीटरची साखळी आहे. सकाळी सहा ते दहा ती फक्त खाली वाहते, कारण लोक कामाला निघालेले असतात. नंतर मध्यरात्रीपर्यंत फक्त वर. संध्याकाळी मी वरच्या टोकापर्यंत गेले आणि मग साध्या पायऱ्यांनी उतरत आले. पोटऱ्या दोन दिवस दुखल्या. ती संध्याकाळ मला अजून पायरीपायरीने आठवते.

एकटी बाई म्हणून दोन गोष्टी कटाक्षाने पाळते. निघण्याआधी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ कागदावर लिहून घेते, फोनच्या भरवशावर राहत नाही. आणि कुठे चालले आहे ते सहकाऱ्याला कळवते. यजमानांनी जेवायला बोलावलं असेल तर मात्र जेवायलाच जाते. त्या टेबलावर कामाच्या खूप गोष्टी कळतात, आणि त्या टाळून भटकणं मला पटत नाही.

बाझलच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत लाइन सुपरवायझरला होडीबद्दल सांगितलं. ऑडिटरसमोर सकाळपासून आखडून बसलेला माणूस एकदम खुलला. माझ्याच चेकलिस्टच्या पाठीवर त्याने नकाशा काढून दिला: आठ नंबरची ट्राम, एक पूल, नदीकाठची वाट. २०१४ पासून ही ट्राम सीमा ओलांडून जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाईनपर्यंत जाते. तिथून फ्रान्समधल्या युनांगला जाणारा पूल फक्त पायी आणि सायकलवाल्यांसाठी आहे, २००७ साली बांधलेला, २२९ मीटरची एकच कमान, मधे खांब नाही. तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्याने त्याच व्हिसावर चालतं. पासपोर्ट मात्र जवळ ठेवला. त्या संध्याकाळी पुलाच्या मध्यावर उभी राहिले तेव्हा एक पाय कुठल्या देशात आणि दुसरा कुठल्या, हे खरंच सांगता येईना. फ्रान्सच्या काठाने दक्षिणेला चालत, सीमेची पाटी मागे टाकत पुन्हा बाझलमध्ये शिरले तेव्हा नऊ वाजत आले होते आणि पाणी अजून उजळ होतं.

पुढच्या महिन्यात हॅम्बुर्ग आहे. तिथे एल्ब नदीखालून पायी जाता येतं. १९११ साली उघडलेला बोगदा, ४२६ मीटर लांब, जमिनीखाली २४ मीटर, आणि पादचाऱ्यांना रात्रंदिवस खुला. पलीकडच्या काठावरून नदीपल्याडचं शहर समोर दिसतं म्हणतात. माझी शेवटची मीटिंग गुरुवारी तीनला संपते.