खून, न्याहारीसह

उत्तर यॉर्कशरमध्ये नोव्हेंबर लागला की टेकड्यांवर चालायला येणारी माणसे बंद होतात, दुपारी चारलाच अंधारून येते आणि आमच्या सात खोल्यांच्या अतिथिगृहातला बॉयलर मात्र, पाहुणे असोत वा नसोत, आपला खर्च चालूच ठेवतो. आमच्याकडे होणाऱ्या खुनांचे मूळ कारण एवढेच आहे. लहान हॉटेलवाल्यांनी हा लुटुपुटीच्या खुनांचा उद्योग निव्वळ रहस्यप्रेमापोटी आरंभला असे कोणी सांगितले, तर त्यावर फारसा विश्वास ठेवू नये. शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे येतात, जेवता जेवता कोणीतरी मरतो, शनिवारभर चौकशी चालते, रात्री बहुधा आणखी एकाचा बळी जातो आणि रविवारी न्याहारीनंतर, अकरा वाजता खोल्या सोडण्यापूर्वी, खुनी सापडतो. त्याला सापडावेच लागते, कारण साडेअकराला चादरी बदलायच्या असतात.

पाहुण्यांची खुनाने करमणूक करण्याची कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉय स्विफ्ट यांनी १९८१ मध्ये हॉटेलांतून असे शनिवार-रविवार व्यवसाय म्हणून भरवायला सुरुवात केली. पण त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काळात, गावाकडच्या हॉटेलांत रात्रीच्या जेवणानंतर पाहुणे आपसांत खुनाचे खेळ खेळत असत. अशा हॉटेलांत पियानो वाजवणारे बर्मिंगहॅमचे अँथनी प्रॅट हा प्रकार पाहत होते. पुढे युद्धात दिवे मालवून संध्याकाळी घरात बसण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी त्यावरून पटावरचा एक खेळ रचला आणि १९४४ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. युद्धोत्तर टंचाईमुळे रखडत रखडत लीड्सच्या वॅडिंग्टन कंपनीने १९४९ मध्ये तो ‘क्लूडो’ या नावाने बाजारात आणला. दुसरी हकिकत आमच्या जवळच्याच हॅरोगेटची. ३ डिसेंबर १९२६ रोजी घरातून नाहीशा झालेल्या रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती अकरा दिवसांनी तिथल्या एका हॉटेलात सापडल्या. नोंदवहीत त्यांनी पतीच्या प्रेयसीचे आडनाव लावले होते आणि मुक्काम केपटाउन असे लिहिले होते. पोलीस, वृत्तपत्रे आणि हौशी स्वयंसेवक रानेवने धुंडाळत असताना त्यांना ओळखले ते हॉटेलच्या वाद्यवृंदातल्या वादकांनी. मला या दोन्ही हकिकतींतले वादक फार आवडतात. हॉटेलात सगळ्यात जास्त पाहतो तो ज्याच्याकडे कोणी पाहत नाही असा माणूस, आणि तो बहुतेक वेळा पगारावर असतो.

हे काम करू लागल्यावर माझ्या ध्यानात आले की रहस्यकथेसाठी अतिथिगृहात वेगळे असे फार काही उभारावे लागत नाही. एकमेकांना न ओळखणारी माणसे एका छपराखाली येतात, आपापली नावे लिहितात, ठरावीक वेळी जेवतात आणि रात्री एकेका दाराआड जातात. न्याहारी आठ ते साडेनऊ. कोण किती वाजता उतरले, कोणी अंडे अर्धवट टाकले, कोणाची किल्ली फळीवर परत आली नाही, हे आम्हाला एरवीही माहीत असतेच. जिन्याची सहावी पायरी करकरते, त्यामुळे रात्री वर कोण गेले हे स्वयंपाकघरात बसून कळते. १९७२ च्या एका आदेशान्वये इथल्या प्रत्येक हॉटेलाला सोळा किंवा त्याहून अधिक वयाच्या पाहुण्याचे पूर्ण नाव आणि राष्ट्रीयत्व लिहून घ्यावे लागते व ती नोंद किमान बारा महिने जपून ठेवावी लागते. म्हणून खेळासाठी मी दुसरी, खोटी नोंदवही ठेवते. तिच्यात कर्नल, वकील, श्रीमंत विधवा आणि तिचा कफल्लक भाचा यांच्या सह्या असतात, आणि त्यांतल्या एका सहीचे वळण दुसऱ्याच कोणाच्या तरी पत्रातल्या अक्षराशी जुळते. दोन्ही वह्या एका रंगाच्या असू नयेत, एवढे पथ्य पाळावे लागते. हेराच्या आवेशात आलेला माणूस खऱ्या वहीतल्या खऱ्या जोडप्याविषयी नको ते निष्कर्ष काढू शकतो.

कायदा मात्र खुन्याच्या बाजूचा नाही. आतून बंद खोलीतला खून हा या प्रकारातला सर्वांत मानाचा, पण तो आमच्याकडे जमत नाही, कारण आगीच्या नियमांप्रमाणे आत अडकलेल्या माणसाला किल्लीवाचून चटकन बाहेर पडता आले पाहिजे आणि सुटकेच्या वाटेवर कपाट सरकवून ठेवणे तर साफ वर्ज्य आहे. विषप्रयोगाचीही तीच गत. कडू बदामाच्या वासावरून सायनाइड ओळखावे ही रहस्यकथेची जुनी रीत. पण डिसेंबर २०१४ पासून इथल्या प्रत्येक खानावळीला चौदा प्रकारचे ॲलर्जीकारक पदार्थ आधीच सांगावे लागतात आणि सुक्या मेव्याचे प्रकार त्या यादीत आहेत. त्यामुळे जेवणात विष कोणी घातले हे मला लपवता येते, बदाम कोणी घातले हे नाही. एकदा एका पाहुण्याने ॲलर्जीचा तक्ताच पुरावा म्हणून ताब्यात घेतला होता.

मृत्यूची वेळ ठरवणे हे सर्वांत नाजूक काम. सूप येण्याआधी माणूस मेला तर त्याची कोणाशी ओळखच झालेली नसते, त्यामुळे त्याचे कोणाला सोयरसुतक वाटत नाही. शेवटच्या गोडानंतर मेला तर निम्मे लोक पेंगत असतात. सूप आणि मुख्य जेवण यांच्या मध्ये, मयताने दोघातिघांचा पुरेसा अपमान केल्यावर, तो कोसळणे उत्तम. पण आम्ही यॉर्कशरमध्ये आहोत, आणि मुख्य जेवणाबरोबरचे, भट्टीतून फुगून आलेले यॉर्कशर पुडिंग पोलीस पंचनाम्यासाठी थांबत नाही. पाच मिनिटांत ते बसकण मारते. म्हणून आमच्या इन्स्पेक्टरला स्वयंपाकघरातून घंटा वाजेपर्यंतच प्रश्न विचारण्याची मुभा असते. रक्त गोल्डन सिरप म्हणजे साखरेचा दाट पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको यांचे करतात. त्यात थोडे भांडी घासण्याचे द्रावण मिसळले तर डाग धुऊन जायला मदत होते, तरीही ते चांगल्या टेबलक्लॉथपासून दूर ठेवलेले बरे. या कारणासाठी मी विष आणि गळा आवळणे यांना झुकते माप देते.

मरणारे गृहस्थ गावातल्या हौशी नाटकमंडळींपैकी आहेत. निवृत्त शिक्षक, अत्यंत सभ्य, आणि मेल्यावर श्वास रोखून धरण्यात पटाईत. त्यांना उचलून नेले की ते स्वयंपाकघरात बसून आपले राहिलेले जेवण पूर्ण करतात आणि मागच्या दाराने घरी जातात. मोठ्या हॉटेलांत नटांचा ताफा असतो, आमच्याकडे चारच नट, म्हणून शनिवारी सकाळी तेच मिशी लावून मयताचे वकील म्हणून मृत्युपत्र घेऊन येतात. पाहुण्यांनी यावर कधी आक्षेप घेतला नाही. पैसे भरून आलेली माणसे फसण्याच्या बाबतीत फार उदार असतात.

त्यांची सारी काटेकोर नजर वळते ती भलतीकडेच. मी रचलेला दुवा, फाटलेली तार किंवा गादीखालचा हातमोजा, दोघांच्या पायाखालून जातो आणि तिसऱ्याला तो मीच टाकलेला कचरा वाटतो. महत्त्वाची प्रत्येक गोष्ट निदान तीन ठिकाणी ठेवावी लागते, कारण एक कोणाच्या तरी खिशात जाते, एक सकाळी व्हॅक्यूम क्लीनर गिळतो आणि तिसरी सापडते. त्याउलट ज्यात काहीच दडलेले नाही, अशा गोष्टींनी त्यांच्या वह्या भरतात. न्हाणीघरातला ठिबकणारा नळ, जिन्यावरचे तिरके चित्र, अग्निशामक नळकांड्यावरची तपासणीची तारीख. एकदा शनिवारी बॉयलरवाला आला, तर तिघांनी त्याच्या गाडीचा नंबर टिपून घेतला आणि एका आजीबाईंनी त्याला गाठून शुक्रवारी रात्री नऊ वाजता तो कुठे होता हे विचारले. तो गडबडला, कारण नऊ वाजता तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडून पबमध्ये बसला होता. शेवटी खुनी कोण यावर पाहुण्यांनी मते दिली, तेव्हा दोन त्याच्या नावावर पडली. गावात किंकाळीची आगाऊ कल्पना शेजाऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला दिलेली असते. बॉयलरवाल्यालाही द्यायला हवी, हे तेव्हापासून यादीत आले.

इंग्रज पाहुण्याची खरी अडचण पुराव्याची नसून प्रश्नाची असते. अनोळखी माणसाला थेट काही विचारणे त्याला असभ्य वाटते, म्हणून तो हवापाण्यावरून सुरुवात करतो आणि वारसाहक्कापर्यंत पोहोचता पोहोचता शनिवारचा चहा होतो. हा खेळ त्याला आवडतो तोच बहुधा यासाठी की दोन दिवस चौकस होण्याचा परवाना मिळतो. एका हिवाळ्यात लीड्सकडची काही मराठी कुटुंबे सगळ्या खोल्या घेऊन आली, तेव्हा मला याचा पुरता उलगडा झाला. त्यांना परवान्याची गरज नव्हती. सूप संपण्याआधी एका काकूंनी कर्नलला मूळ गाव, पेन्शन आणि लग्न न करण्याचे कारण विचारून घेतले होते, दुसऱ्या वहिनींनी विधवेच्या भाच्याला “इतका शिकून मावशीकडे राहतोस?” असे विचारले, तेव्हा आमच्या नटाला आपली संहिता आठवेना. लहानपणी बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांचा फडशा पाडलेले एक आजोबा शुक्रवारी रात्रीच खुनी ओळखून मोकळे झाले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “अगं, सांगत नाही कोणाला, पण उद्या काय करायचं मग?” मी त्यांना दुसरा बळी व्हाल का असे विचारले. शनिवारी रात्री ते इतक्या हौसेने मेले की त्यांच्या सूनबाई खरोखर घाबरल्या.

इतक्या प्रश्नांतून एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. कॉफीचा ट्रे घेऊन प्रत्येक खोलीत जाणारी, सगळ्या दारांच्या किल्ल्या बाळगणारी, विषाचा पेला स्वतःच्या हातांनी समोर ठेवणारी बाई मी असते. तरी आजवर माझ्या नावावर एकही मत पडलेले नाही. १९२८ मध्ये एका अमेरिकी रहस्यकथाकाराने या साहित्यप्रकाराचे वीस नियम प्रसिद्ध केले होते, त्यांत नोकराला खुनी ठरवू नये असा एक नियम होता. ते उत्तर फार सोपे होते, खुनी कसा तोलामोलाचा माणूस हवा, असे त्याचे म्हणणे. वाढणारीला संशयाच्याही लायकीचे न समजणारा हा नियम मला वाचल्यापासून सलतो.

म्हणून येत्या नोव्हेंबरची संहिता मी वेगळी लिहिली आहे. विधवेची वर्षानुवर्षांची थकबाकी, खोट्या नोंदवहीतली खाडाखोड आणि फळीवर उलटी टांगलेली चार नंबरची किल्ली, सारे दुवे उघड्यावर आहेत आणि सगळे माझ्याकडेच बोट दाखवतात. माझ्या नवऱ्याला संहिता पसंत आहे, पण शनिवारी रात्रीच कोणी ओळखले तर रविवारी माझ्या हातची न्याहारी कोणी खाणार नाही आणि खाटकाकडून आणलेली सगळी सॉसेजेस वाया जातील, अशी त्याला धास्ती आहे. बऱ्याच घासाघिशीनंतर असे ठरले की शनिवारी जेवताना वकिलाच्या खिशातून एक कोरा धनादेश पाडून संशय त्याच्याकडे वळवायचा, न्याहारी नेहमीसारखी वाढायची आणि खुनी कोण हे बिले चुकती झाल्यावरच जाहीर करायचे.