पागोळीचे पाणी आणि कीटकभक्षी झाडे

चैत्र संपत आला की दर रविवारी सकाळी मी मागच्या पडवीतल्या दोन निळ्या पिंपांत बांबूची काठी बुडवते, काठीच्या ओल्या भागाला वीत लावते आणि किती पाणी उरले आहे, ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवते. मागच्या पावसाळ्यात कौलांवरून उतरलेले हे पाणी माझ्या कीटकभक्षी झाडांसाठी राखून ठेवलेले असते आणि भरवशाचा पाऊस सुरू होईपर्यंत ते पुरवायचे असते. बेळगावच्या वडगाव भागात आमचे जुने कौलारू घर आहे आणि त्या घराच्या पडवीत आज सात कुंड्या आहेत. त्यांतल्या तीन व्हीनस फ्लायट्रॅपच्या (याची पाने सापळ्यासारखी मिटून किडा पकडतात), दोन दक्षिण आफ्रिकेतल्या केप दवबिंदूच्या (याच्या पानांवरच्या चिकट थेंबांना किडे चिकटतात) आणि दोन घटपर्णीच्या (हिच्या पानांच्या टोकांना रस असलेले घट येतात) आहेत. ही झाडे सांभाळताना सर्वांत जास्त विचार पाण्याचा करावा लागतो, हे मला चार झाडे गमावल्यावर आणि जवळजवळ तीन वर्षे गेल्यावर नीट कळले.

पहिला फ्लायट्रॅप फेब्रुवारीत कुरिअरने आला. ज्या रोपवाटिकेतून मी बाकीची झाडे आणते, तेथे विचारल्यावर मला सांगण्यात आले की कोकोपीट आणि लाल माती मिसळून मातीच्या कुंडीत लावा, थोडे खत घाला आणि रोज पाणी द्या. मी तसेच केले. पाणी स्वयंपाकघरातल्या बोअरच्या नळाचे होते. तीन आठवड्यांत नवे सापळे लहान येऊ लागले आणि जुन्या पानांच्या कडा काळ्या पडल्या, म्हणून मला वाटले की झाडाला तहान लागली आहे आणि मी पाणी वाढवले. एप्रिलच्या शेवटी झाड मेले, तेव्हा कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरा थर चढलेला होता आणि त्याकडे मी एकदाही लक्ष दिले नव्हते. दुसरे आणि तिसरे झाडही त्याच वाटेने गेले.

तो थर प्रथम ओळखला तो माझ्या सासूबाईंनी. आमच्या तांब्याच्या बंबाच्या आत तसाच थर बसतो आणि दर दिवाळीच्या आधी तो खरवडून काढावा लागतो. रिकामी कुंडी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "ज्या पाण्यात डाळ शिजत न्हाई, ते पाणी तू त्या झाडाला कशाला घालतीस गं?" बोअर खोदण्यापूर्वी या घरात पावसाळाभर डाळ पागोळीच्या पाण्यात शिजवली जात असे, कारण ती लवकर आणि मऊ शिजते, हे त्यांनी मला पूर्वीही सांगितले होते. जड पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे डाळीचे दाणे घट्ट राहतात, साबणाला फेस येत नाही आणि बंबात थर बसतो, आणि नेमके हेच क्षार माझ्या झाडांच्या मुळांशी साठत होते.

या झाडांना क्षार का सोसत नाहीत, याचे कारण त्यांच्या मूळ ठिकाणी आहे. व्हीनस फ्लायट्रॅप निसर्गात फक्त अमेरिकेच्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना या राज्यांतल्या किनारी सखल भागात उगवतो. तिथली जमीन ओली, वालुकामय आणि आम्लधर्मी असून पावसाने तिच्यातले पोषक क्षार धुऊन गेलेले असतात. ज्या मातीत नायट्रोजन जवळजवळ मिळत नाही, तिथे या झाडाने तो कीटकांकडून मिळवण्याची सोय करून घेतली आहे, आणि त्याची मुळे अगदी हलक्या पाण्याला सरावलेली आहेत. त्यामुळे खत घालणे आणि जड पाणी घालणे या दोन्ही गोष्टी त्याला सारख्याच मारक ठरतात.

माझा भाचा रसायनशास्त्र शिकतो. त्याने मला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजण्याचे छोटे यंत्र आणून दिले. हे यंत्र प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते, म्हणून कोणता क्षार आहे हे त्यातून कळत नाही, पण माझ्या कामाला एवढे पुरते. या झाडांसाठी पाण्याचा टीडीएस 50 पीपीएमच्या (लिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या) खाली असलेला उत्तम, आणि 100 च्या पुढे जाऊ नये. आमच्या बोअरचा आकडा 430 आला. सार्वजनिक नळाचे पाणी 85 होते, पण आमच्याकडे ते काही दिवसांनी एकदा येते आणि सिमेंटच्या हौदात साठवावे लागते, आणि हौदातून काढलेले तेच पाणी 120 दाखवत होते. घरातल्या पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या आर.ओ. यंत्राच्या पाण्यावर माझा फार भरवसा होता, पण त्याचा आकडा 95 निघाला. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी दाखवले की पाण्याला चव राहावी म्हणून त्या यंत्रात थोडे मूळ पाणी परत मिसळले जाते आणि त्याचा एक स्क्रू असतो. तो बंद करता आला असता, परंतु एक लिटर पाण्यासाठी कितीतरी लिटर पाणी मोरीत सोडून देणे, तेही पाण्याची वाट पाहणाऱ्या गावात, मला पटले नाही. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर मी एक उन्हाळा वापरले. ते चालते, पण खरेदी करताना त्यात आम्ल मिसळलेले नाही याची खात्री करावी लागते आणि सात कुंड्यांना ते परवडत नाही. पाणी उकळून वापरावे असेही मला काहींनी सुचवले. उकळल्याने जंतू मरतात आणि थोडा चुना तळाशी बसतो, परंतु बाकीचे क्षार जागच्या जागी राहतात आणि वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात ते अधिक दाटतात.

एकदा मी हिशेब मांडला आणि मग माझ्या मनात काही शंका राहिली नाही. उन्हाळ्यात एका कुंडीला दिवसाला सुमारे 200 मिलिलिटर पाणी लागते असे धरले, तर 90 दिवसांत 18 लिटर पाणी तिच्यातून जाते. पाणी पानांतून आणि मातीतून उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. 430 आकड्याच्या पाण्याने 18 लिटरमागे साडेसात ग्रॅमहून अधिक क्षार त्या एका लहान कुंडीत साठतात, म्हणजे चमचाभर मीठ मुळांशी नेऊन ठेवण्यासारखेच आहे. 20 आकड्याच्या पाण्याने तोच साठा अर्ध्या ग्रॅमच्याही आत राहतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आम्ही जांबोटी आणि कणकुंबीच्या वाटेने चोर्ला घाटाकडे गेलो होतो. तिथल्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, मातीचा थर बोटभरही नसतो, आणि त्या थरात सीतेची आसवे निळीजांभळी फुललेली होती व त्यांच्या शेजारी दवबिंदूची तांबूस रोपे होती. ही दोन्ही आपल्या मातीतली कीटकभक्षी झाडे आहेत. मी बराच वेळ खाली बसून पाहत राहिले, तेव्हा जाणवले की सड्यावरचे पाणी साचलेले दिसत असले तरी ते हळूहळू उताराकडे सरकत असते आणि वरून नवे पाणी येत राहते. झाडाची मुळे सतत ओली असतात, पण त्यांच्याभोवतीचे पाणी सतत बदललेले असते. पाऊस सरला की सडा वाळतो आणि ही रोपे बी टाकून संपून जातात. तिथून एकही रोप उचलून आणू नये, हे मी मुद्दाम लिहिते, कारण कुंडीत ती जगत नाहीत आणि सड्यावरचे बी मात्र तेवढे कमी होते. घरी आल्यावर मी सर्व झाडे मातीच्या कुंड्यांतून काढून प्लास्टिकच्या उंच, पांढऱ्या कुंड्यांत लावली आणि मातीच्या जागी पीट मॉस (दलदलीतले अर्धवट कुजलेले शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) निम्मे निम्मे वापरले. घटपर्णीला मात्र हवेशीर मिश्रण लागते, म्हणून तिच्यासाठी स्फॅग्नम मॉस (लांब धाग्यांचे वाळवलेले शेवाळ) आणि झाडाच्या सालीचे तुकडे घेतले.

आता माझे पाण्याचे वर्ष मृगापासून सुरू होते. पहिले दोन-तीन जोराचे पाऊस मी कौलांवरून तसेच वाहू देते, कारण त्यांत वर्षभराची धूळ, पाखरांची विष्ठा आणि वाळलेले शेवाळे असते. त्यानंतर पन्हळीखाली पीप ठेवते आणि त्याच्या तोंडावर जुन्या सुती धोतराचा दुहेरी कपडा बांधते, म्हणजे कचरा आत जात नाही आणि डासही अंडी घालत नाहीत. उघड्यावर ठेवलेल्या स्टीलच्या पातेल्यातल्या पावसाचा आकडा 8 येतो, कौलांवरच्या पाण्याचा 20 च्या आसपास येतो, आणि शेजारच्या स्लॅबच्या गच्चीवरून उतरणाऱ्या पाण्याचा 65 आला होता, कारण सिमेंटातला चुना पाण्यात उतरतो. ज्यांच्याकडे फक्त गच्ची आहे, त्यांनी गच्चीवर प्लास्टिकचा स्वच्छ कागद ताणून त्याच्यावरचे पाणी धरावे, असे मी सुचवेन. पाणी कमी पडेल ही भीती इथे खरी नाही. दहा चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर शंभर लिटर पाणी उतरते. आमच्या पडवीचे छप्पर आठ चौरस मीटर आहे आणि दोनशे लिटरची दोन पिंपे भरायला पन्नास मिलिमीटर पाऊस पुरतो, आणि पुनर्वसू नक्षत्राच्या, म्हणजे तरण्या, पावसात तेवढा पाऊस एक-दोन दिवसांत होऊन जातो. तरीही जुलैत भरलेले पाणी मी झाडांना घालून संपवत राहते आणि पिंपे घासून उत्तरा नक्षत्राच्या पावसात पुन्हा भरते, म्हणजे उन्हाळ्यात वापरायचे पाणी फार जुने झालेले नसते. हस्ताचा पाऊस पडेलच असे नाही, म्हणून त्याच्यावर मी विसंबत नाही.

पावसाळ्यात झाडांना पाणी घालण्यापेक्षा पाण्यापासून सांभाळण्याचे काम मोठे असते. पहिल्या वर्षी मी कुंड्या त्यांच्याखालच्या पाण्याच्या ताटलीसकट पावसात ठेवल्या, आठ दिवस झड लागली, ऊन नव्हते, आणि फ्लायट्रॅपचा पांढरा कंद पाण्याच्या पातळीत बुडून सडला. माझे चौथे झाड असे गेले. आता आषाढात मी ताटल्या काढून घेते आणि कुंड्या विटांवर ठेवते. पाऊस वरून पडतो, खालून निघून जातो, आणि उन्हाळ्यात साठलेले क्षारही त्याबरोबर धुऊन जातात. दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब जोराच्या सरींत धुतले जातात, पण उघडीप मिळताच एक-दोन दिवसांत पुन्हा येतात, म्हणून त्याची काळजी करू नये. मेलेली पाने मात्र तत्काळ कापावीत, नाहीतर त्यांच्यावर करडी बुरशी धरते आणि ती चांगल्या पानांवर जाते. घटपर्णी मी पडवीच्या आत घेते, कारण तिच्या घटांत पावसाचे पाणी भरून आतला रस पातळ होतो आणि जड झालेले घट देठातून मोडतात.

थंडीत फ्लायट्रॅपला तीन महिन्यांची विश्रांती हवी असते. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तेरा-चौदा अंशांपर्यंत उतरतात, दुपारी मात्र ऊन लागते, त्यामुळे इथली विश्रांती कॅरोलायनातल्यासारखी गाढ होत नाही. पाने आखूड येतात, जमिनीला चिकटतात आणि सापळे मंद होतात, आणि मी तेवढ्यावर समाधान मानते. या दिवसांत त्याची ताटली कोरडी असते. मिश्रणाच्या वरच्या थराचा रंग फिका होऊ लागला आणि बोट लावल्यावर नुसता गारवा जाणवला, की मी कडेने वाटीभर पाणी घालते, आणि हे साधारण पाच-सहा दिवसांनी होते. केप दवबिंदूला अशी विश्रांती लागत नाही, म्हणून त्याच्या ताटलीत सेंटिमीटरभर पाणी थंडीतही असते. घटपर्णीला हिवाळ्यात खरा त्रास कोरड्या हवेचा होतो. पूर्वेकडून वारा सुटला की नव्या पानांच्या टोकांवरचे घट फुगण्याआधीच वाळतात. तिला ताटलीत कधीच उभी करत नाही, पण सकाळी वरून पाणी देते आणि पिंपातलेच पाणी पानांवर फवारते, कारण बोअरचे पाणी फवारल्यास पानांवर पांढरे डाग राहतात.

फेब्रुवारीत फ्लायट्रॅपची नवी पाने उभी येऊ लागली की ताटली परत येते. मार्चपासून पाणी ताटलीत दोन सेंटिमीटर असते. वैशाखात सकाळी भरलेली ताटली संध्याकाळी कोरडी पडते, म्हणून मी ती पहाटे आणि दिवेलागणीला अशी दोनदा भरते. दुपारी ताटलीतले पाणी हाताला गरम लागू लागले, तेव्हा मी कुंड्या लिंबाच्या झाडाखाली हलवल्या, जिथे सकाळचे ऊन मिळते आणि दोननंतर सावली येते. पंधरा दिवसांनी एकदा प्रत्येक कुंडीवर वरून एक लिटर पाणी सावकाश ओतते आणि खाली निघालेले पाणी कढीलिंबाला घालते. सड्यावर जे पाणी आपोआप बदलते, ते इथे मला हाताने बदलावे लागते. दवबिंदूचे थेंब बारीक होणे ही तहानेची पहिली खूण असते, आणि ती फ्लायट्रॅपपेक्षा दोन दिवस आधी दिसते, म्हणून सकाळी मी आधी त्याच्याकडे पाहते.

ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत मला सुमारे तीनशे लिटर पाणी लागते. त्यातले निम्म्याहून अधिक शेवटच्या चार महिन्यांत जाते. वळवाचा पाऊस आला तर पहिली पंधरा मिनिटे मी कुंड्या छपराखाली ठेवते आणि धूळ बसल्यावर बाहेर नेते. यंदा मृगाच्या आदल्या दिवशी दुसऱ्या पिंपात चार बोटे पाणी उरले होते. ते मी सातही कुंड्यांवर ओतले, सासूबाईंनी पिंपे राखेने घासली, आणि आम्ही दोघींनी ती पन्हळीच्या शेजारी उपडी घालून ठेवली.